जस्ताची वडी

स्कालाच्या गोदीत बोट वर ओढली की
मी आधी जस्त पाहतो.
सुकाणूपाशी, पंख्याच्या मागे
बोल्टने आवळलेल्या वड्या.
लावल्या तेव्हा साबणासारख्या गुळगुळीत,
आता कुरतडलेल्या, पांढुरक्या, भोकं पडलेल्या.
ब्रान्दूर विचारतो, खराब निघाल्या?
नाही रे, चांगल्या निघाल्या.
समुद्राला काहीतरी खायचंच असतं,
लोखंडाआधी त्यानं ह्यांना खाल्लं.

एवढं सांगून मी शिडीवरून धावत उतरतो.
सकाळपासून सहाव्यांदा.
परत येतो तेव्हा पोरगा
उगाच पाना पुसत बसलेला.

भांड्यातलं लाल
प्रायमरच्या लालपेक्षा उजळ असतं.

डॉक्टर मालान म्हणाली,
तुझ्याच पांढऱ्या पेशी. राखणदार.
आतड्यात चोर शिरला समजून
ब्लीचच्या भाऊबंदासारखं काहीतरी ओततात,
चोर नसला तरी ओततच राहतात.
कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं, तर
आमच्याकडे कुंपणं दगडाची, मेंढ्यांसाठी.
दगड काय खाणार?
पण खातात, असं दिसतंय.

आणि शरीर नुसतं बघत राहतं?
नाही, म्हणाली. स्वतः झिजून
बाकीच्यांना वाचवणारे तिथेही आहेत.
ग्लुटाथायोन. आणखी दोन-चार जण.
एकाच्या तर पोटात जस्ताचा अणू असतो.
तुझ्याकडे ते कमी पडतायत.

नवे लावता येतात? बोल्टने?
ती हसली, मग हसायची थांबली.
गोळ्या विकणारे म्हणतात, येतात.
मी नाही म्हणत.
आधी राखणदारांना शांत करू.

माझी आत्या जन्मभर
चर्चमध्ये दाराजवळच्या बाकावर बसली,
शेवटच्या भजनाआधी उठून जायची.
गर्विष्ठ आहे, म्हणायचो आम्ही.
तिनं ते पोटात ठेवलं,
पोटातलंच होतं ते.
त्या बाकावर आता मी.

जुनी वडी काट्यावर टाकतो.
पाच किलोची दोन उरलीय.
ब्रान्दूर नवी आवळतो,
रंगाचा ब्रश उचलतो: हिच्यावरही मारू?

नको.
जस्तावर रंग मारायचा नसतो.
झाकलं तर ते कामाला येत नाही.

तो ब्रश खाली ठेवतो.
बाहेर तीन वाजताच अंधारलंय,
फ्योर्डवर एकच दिवा हलतोय.
ऐक, मी म्हणतो,
मघाशी मी धावत कुठे गेलो होतो, ते सांगतो.