आख

कामठी रोडवर, निनावे मिस्त्रींच्या शेडखाली
तीन आठवडे दोन गाड्या उभ्या आहेत.
एक छावणीच्या लिलावातली जीप,
पुढे-मागे सलग आख, पाट्यांवर बसलेली,
दार लावलं तरी आरसा थरथरतो.
दुसरी अलीकडची.
पुढच्या दोन्ही चाकांना आपापली स्प्रिंग,
एकाचं दुसऱ्याशी देणंघेणं नाही.

माझं काम तलावांतला गाळ मोजायचं.
भिवापूर, नागभीड, त्याच्याही आत,
जिथे मालगुजारांनी बांधलेल्या पाळी
अजून पाणी धरून आहेत,
आणि रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या,
मधे गुडघाभर गवत.
गेल्या सप्टेंबरात अशाच एका नाल्यात
ऑफिसच्या गाडीचं डावं रबरी बूट फाटलं.
ग्रीस वाहून गेलं, काळी माती आत शिरली,
वळताना सांधा सुपारी कातरल्यासारखा वाजू लागला.
प्रमिला उईके इंजिन बंद करून म्हणाली,
"याचा पार्ट पुण्याहून येईल.
आपल्याले कोण आणेल?"
रात्र शाळेच्या व्हरांड्यात काढली.
आख वाकला असता, तर गावातल्या लोहारानेही
शिव्या देत सरळ केला असता.

मिस्त्री पन्नीतला खर्रा घोटतात
एकाच हाताने, मांडीवर दाबून.
डावा हात दोन वर्षांपूर्वी एका सकाळी
त्यांच्यासोबत उठलाच नाही.

"पाहा म्याडम," म्हणत ते सळई गुडघ्यावर आडवी टेकवतात,
डाव्याची बोटं एकेक करून तिच्याभोवती वळवतात.
उजवा दाबतात.
डावा वर येतो.
"एक खड्ड्यात गेलं, का दुसऱ्याले उठावंच लागते.
हा झाला आख."
मग सळई काढून ठेवतात.
"अन् हे तुमचं दुसरं."
उजवा पंजा हवेत खालीवर, खालीवर,
गोटे, खड्डे, नाल्या, सफाईने.
डावा मांडीवर.
कूलरचा पंप तेवढा गुरगुरतो.
मी भिंतीवरचे पाने मोजते. चौदाचा जागेवर नाही.

मिस्त्री खोटं बोलत नाहीत.
आखाच्या मधोमध लोंबणारा भोपळा
दगडावर आपटतो, हेही सांगतात.
पण चाक चढलं की तोही चढतो.
दुसरीचं पोट दबतं आणि खाली येतं,
नेमकं नको तेव्हा.
"मात्र डांबरावर हीच बेस.
जीप साठच्या वर गेली का स्टिअरिंग नाचवते.
उमरेड येईपर्यंत हात बधिर..."
आणि तिथेच थांबून खर्रा तोंडात टाकतात.

मी वहीत हिशेब मांडला.
एका फेरीत एकशे ऐंशी किलोमीटर डांबर,
सहा किलोमीटर चिखल.
लक्षात राहतात ते सहाच.
पण पाठ दुखते ती एकशे ऐंशीने,
आणि परतल्यावर रात्री आकडे भरायचे असतात
मलाच, याच बोटांनी.

शनिवारी सांगितलं, दुसरी घेते.
वाटलं, ते सळईकडे बघतील.
त्यांनी चौदाचा पाना कुठूनसा काढला.
"मंग झोपा खाली.
बूट बदलणं शिकून जा. दोन जादा ठेवा डिक्कीत."
ते सांगत गेले, मी करत गेले,
क्लिप, बूट, ग्रीस, पुन्हा क्लिप,
तिसऱ्यांदा जमलं.
गाडीखालून मागचा भाग दिसत होता.
"मागं तं आखच आहे हिले," ते वाकून म्हणाले,
"एवढं काहून तोंड पाडता?"

संध्याकाळी ट्रायलला निघालो, ते शेजारी.
रस्ता अजून तव्यासारखा.
इंदोरा चौकाच्या अलीकडे, खोदून तसाच सोडलेल्या जागी
पुढचं डावं चाक उतरलं, निघालं.
उजव्याला कळलंही नाही.
मग मागचं उतरलं,
अख्खी गाडी क्षणभर डावीकडे कलली
आणि मिस्त्रींचा डावा हात
मांडीवरून घसरून दाराशी लोंबला.
त्यांनी उजव्याने उचलला, जागेवर ठेवला.
"तिसऱ्यात घ्या," म्हणाले,
"हा खड्डा मी रोज पाहतो."