किती मिलिमीटर

सियागंजात मुर्तुझाभाईंच्या दुकानी
तीन सायकली छताला उलट्या टांगलेल्या.
एकीला पुढेच शॉकर, शंभरचा.
दुसरीला मागेपुढे, एकशे चाळीस.
तिसरीला एकशे सत्तर:
तिची किंमत विचारली
तेव्हा भाईंनी आधी चहा सांगितला.

"चालवणार कुठे?"
"जानापावच्या मागच्या उतारावर.
मागच्या माघात पडले तिथंच."
"हाड?"
"हासळी. डावी."
"कशावरून?"
मी हात कमरेपर्यंत नेला. एवढ्या दगडावरून.
मोठा मासा सुटला म्हणणाऱ्याच्या हाताकडे बघावं
तसं भाईंनी बघितलं.
"दीदी, दगड मोजून आणा.
मग सायकलचं बोलू."

रविवारी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली,
न विचारता.
सोबत शरयू पुराणिक,
जिनं मला त्या दिवशी बाभळीतून ओढून काढलं होतं
आणि महूच्या दवाखान्यापर्यंत
माझ्याशी पाढे म्हणत आली होती.
रेंजवर लष्कराचा सराव चालू, दूर ठाक ठाक.
सागाची पानं ताटाएवढी, पायाखाली पापडासारखी.

दगड होता तिथंच. काळा, ओबडधोबड,
मला न ओळखणारा.
गुडघ्यावर बसून टेप लावली.
एकतीस सेंटिमीटर.
दुसऱ्या बाजूनं लावली. एकतीस.
"टेप आटली असेल," शरयू म्हणाली, आणि हसली नाही.
वर्षभर झोपेत मी ज्यावरून पडत होते
तो माझ्या नडगीपर्यंतही येत नव्हता.

मग तिनंच पायानं पानं सारली.
पुढे सव्वा हातावर, मातीत रुतलेला
अजून एक. अकरा सेंटिमीटर.
ह्याला मी कधी पाहिलंच नव्हतं.
पहिल्यावरून उतरले होते मी, नीट उतरले होते.
शॉकर दबलेलाच होता, वर आला नव्हता,
तेवढ्यात हा.

"एकतीस," भाईंना सांगितलं, "आणि पाठोपाठ अकरा."
ते ऐकून प्रथमच त्यांनी स्टूल ओढलं
आणि मधली सायकल खाली काढली.
"मोठी चढावर पाळण्यासारखी डुलते,
निम्मी ताकद गादीच खाते.
आणि तुमचं दुखणं किती दबतं हे नाहीच.
दबल्यावर परत किती लवकर येतं, ते."
शॉकरच्या तळाशी लाल बटण,
एका बाजूला ससा कोरलेला, एका बाजूला कासव.
दोन टकटक सशाकडे.
"फार नको. फार केलं तर उडवेल."

"वजन?"
"अठ्ठावन्न."
"हेल्मेट, पाणी, बॅग?"
"साठ धरा."
नळीवरची रबरी कडी त्यांनी खाली सरकवली,
मला भिंत धरून बसायला लावलं, उतरायला लावलं.
कडी कुठे थांबली ते आम्ही दोघांनी पाहिलं.
भाई काही बोलले नाहीत,
पंप लावला आणि सदुसष्टची हवा भरली.

नंतरचं सांगण्यासारखं थोडंच आहे.
पहिल्या दोन्ही वेळा उतरले, सायकल हातानं नेली.
तिसऱ्यांदा बूड मागे, टाचा खाली,
नजर दगडावर नाही, दगडाच्या पुढच्या झाडावर.
ढब्.
आणि लगेच, जवळजवळ त्याच श्वासात,
ढब्.

शरयू वरून ओरडत होती, कसं वाटलं, कसं वाटलं!
मी वाकून कडी बघत होते.
नळी अजून बोटभर उरली होती.
हात मात्र थरथरत होते, ब्रेक सोडवेना.

टेप अजून बॅगेतच आहे.
आई शेजारच्या मनोरमाबाईंवर संशय घेते,
आणि मी रोज म्हणते, आज देऊन टाकू.
पण त्या उताराला खाली आणखी एक वळण आहे,
तिथले दगड लांबून
कमरेएवढे दिसतात.