खड्याची पावती

शुक्रवारचा बाजार उठत होता,
म्हापशात माझ्या दुकानाची एक फळी लावून झालेली.
मयड्याचा आवेलिनु आला.
भर उन्हाळ्यात कोट गळ्यापर्यंत बंद,
खिशातून रुमाल, रुमालातून अंगठी.
बायकोची. महिना झाला होता तिला जाऊन.
"खडा काढ, शेट. सोनं राहू दे. नातीला द्यायचंय."

खोटा निघाला का, मी विचारलं.
"तूच बघ."

आमच्या धंद्यात जुनी परीक्षा आहे,
खड्यावर फुंकर घालायची.
काचेवर वाफ रेंगाळते.
हिऱ्यावर श्वास टिकत नाही.
मी फुंकलं. टिकला नाही.
"खरा आहे," म्हटलं,
आणि म्हातारा स्टुलावर असा बसला
की कोर्टात निकाल लागलाय.

मग बोलत राहिला. मी चिमट्याने
अंगठीची नखं एकेक उकलत होतो.

अंगोला. लुंडा. बासष्ट साल.
गोवा सुटला तेव्हा हा तिकडेच,
खाणीच्या फाटकावर कारकून,
अक्षर चांगलं म्हणून.
नदी वळवायची, तळ उपसायचा,
दिवसभर वाळू चाळायची
आणि संध्याकाळी माणसं.
तोंड उघड. जीभ वर. पायाची बोटं फाकव.
संशय आला तर एरंडेल
आणि पत्र्याची खोली, तीन दिवस.
जे पडेल ते दुसऱ्या कुणी धुवायचं, चाळायचं.
याने लिहायचं: नाव, वेळ, काय निघालं.
"हांवें फकत बरयलें."
मराठीत बोलता बोलता तेवढंच कोंकणीत.

साकाइंबो नावाचा एक होता.
तीन दिवसांत काही निघालं नाही.
पाचव्या दिवशीही नाही.
सहाव्या दिवशी तोच निघाला, चटईत गुंडाळून.
कारणाच्या रकान्यात आवेलिनुने लिहिलं: ताप.
त्याच त्या देखण्या अक्षरात.
महिनाअखेर पगार वाढला.
पुढच्या सुट्टीत लिस्बनच्या पेढीवर
पुरते पैसे मोजून घेतली ही.
"चोरीची नाही, शेट. कायद्याची."
मी तसं विचारलंच नव्हतं.

लहानपणी ऐकलेलं,
हिरकणी पोटात गेली की माणूस वाचत नाही.
खरं का, बाबांना विचारलं.
तराजूवरून मान न काढता म्हणाले,
पोटातच जायला हवी असं नाही.

पुढे तिकडे युद्ध पेटलं,
चाळणीच्या काठावर बंदुका येऊन बसल्या.
ते खडे कागद बदलत, देश बदलत,
सुरतेत पैलू पाडून घेत
माझ्याही गल्ल्यापर्यंत आले असतील.
मी फुंकर घातली असेल.
खरे निघाले असतील.
माझ्या पायरीवरची धूळ
रोज पहाटे एक झारेकरीण झाडून नेते,
सोन्याचा कण मिळेल या आशेवर.
सतरा वर्षं झाली.
तिचं नाव मला माहीत नाही.

खडा सुटला. दीड गुंज भरला.
घेऊन जा, म्हटलं. नको म्हणाला.
मग विकू? तेही नको.
पावती फाडली, सवयीने विचारलं, नाव?
बराच वेळ तो रस्त्याकडे बघत राहिला,
कुणीतरी केळी मोजत होतं तिकडे.
मग एकेक अक्षर सोडवून सांगितलं
आणि मी देवनागरीत लिहिलं:
सा-का-इं-बो.
पत्ता, लुंडा.
रकमेच्या जागी रेघ.

नात अंगठी घेऊन गेली.
चार नखं तशीच उभी, केसांत अडकतात म्हणे,
तरी वाकवून घ्यायला आली नाही.
आवेलिनु पावसाच्या आधीच गेला.
मुलगा म्हणतो, बाबा, आता हिरे कारखान्यात पिकतात,
भाव उतरलाय, काढून टाका.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा
मी ड्रॉवर ओढतो, पावतीची पुडी सोडतो,
तोंड अगदी जवळ नेतो.
फुंकत मात्र नाही.