गप्प पट्टी

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, कॅरमच्या खोलीमागे
एक पियानो आहे. एक पाय वाळवीने खाल्लेला,
तिथं जुन्या स्लीपरचे दोन तुकडे रचलेत.
खोलीची चावी माझ्याकडे. रविवारी दहाला उघडतो.

सुपडू तायडे येतात. चौतीस वर्षं
हातोडीनं गाडीची चाकं ठोकत ऐकायचे,
कुठलं खणखणीत, कुठलं आतून तडकलंय.
पियानो त्यांना गार्ड रॉड्रिकनं शिकवला
रात्रपाळीनंतर, शेवभाजीच्या डब्याच्या बदल्यात.

बाहेर शेहेचाळीस. आत पाच पोरं, एक पंखा.
"कारे भो, डावा हात म्हणजे काय? मालगाडी.
ती थांबत नाही कोणासाठी.
उजवा हात म्हणजे तुम्ही, फलाटावर पळताय,
कधी तिच्या पुढं, कधी मागं. पडायचं मात्र नाही.
आणि हा झोका... बडगीत भरीत ठेचताना
आवाज कसा येतो? एक लांब, एक आखूड. तसा."

मग नावं सांगतात, गल्लीतल्या कुणाची सांगावीत तशी.
आर्ट टेटम: दिसायचं जवळजवळ नाहीच,
पण ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं बसलेत वाजवायला.
मेरी लू विल्यम्स: तुमच्याहून लहान होती
तेव्हा लोकांच्या समारंभांत वाजवून घराला हातभार लावायची.
आणि थेलोनिअस मंक. हा थांबायचा.
सूर ठेवायचा, मग त्याच्या शेजारची जागा
तशीच मोकळी सोडायचा, कुणी येणार असल्यासारखी.

अल्फिया तडवीला हे पटलं नाही.
"विसरला असेल तो."
"असेल. मग पुढच्या वेळी
तिथंच, तेवढाच, परत विसरला. आता सांग."

मधली एक पट्टी वाजतच नाही.
तार तुटून वर्षं झाली, माणूस नागपूरहून येणार होता.
बाकीची पोरं तिला वळसा घालतात,
रस्त्यात बसलेल्या म्हशीला घालावा तसा.
अल्फिया घालत नाही. दाबते. लाकूड म्हणतं, टक्.
पुढच्या फेरीत पुन्हा तिथंच, टक्.

सुपडूकाकांनी मान कलती केली,
चाकाजवळ वाकून करायचे तशी.
मी हजेरी भरत होतो, पेन थांबलं.
"तडकलंय का?" मी विचारलं.
त्यांनी नुसता हात वर केला.

यार्डात कुणीतरी डबे जोडले, धाडकन,
आणि मागं न बघता
पोरीनं तेही घेतलं
डाव्या हातात.