सीताफळाची कड

गोकाकहून बसलिंगप्पा चित्रगारांचा फोन:
'अक्का, ते सीताफळ उघडेनाच म्हणे.
कणकुंबीच्या बाईंनी दोनदा बघितलं,
नुसतं चाक फिरायलंय.'
माझ्या खोलीखाली मागांची खटखट.
वडगावात वीज असली की
बोलणं ओरडूनच करायचं.
'जड झालंय ते,' मी ओरडते.
'लाकूड तर हलकंच घेतलंय की!' ते ओरडतात.

चार एमबीचं सीताफळ.
हातात घेतलं तर मुठीएवढं,
सावंत्रव्वांनी एकेका डोळ्याच्या खोबणीत
हिरव्यावर पांढुरका, त्यावर काजळाचा पुसट हात
असं रंगवलेलं, की पाहुण्यांच्या पोरानं
मागच्या खेपेला दात लावून बघितला.
मुलानं धुतल्या धोतरावर ठेवून फोटो काढला,
मी रात्री बसून धोतर काढून टाकलं.
आता फळाच्या मागं काही नाही.
काही नाही म्हणजे पडद्यावर
राखी-पांढरे चौकोन,
आमच्या जुन्या न्हाणीघराच्या फरशीसारखे.

पण या काही नाहीला वजन आहे.
प्रत्येक ठिपका तीन रंग सांगतो
आणि चौथा एक आकडा: किती आहे मी.
शून्य, म्हणजे नाहीच.
दोनशे पंचावन्न, म्हणजे पुरता.
उकलून बघितलं तर
शून्याच्या खाली धोतर तसंच पडलेलं,
सुरकुत्यांसकट, काठासकट,
कुणाला दिसत नव्हतं एवढंच.
आधी ते पुसलं.
मग चारी बाजूंची मोकळी जागा छाटली.
मग फोनचं नाव, सकाळचे सात चौदा,
चित्रगार गल्लीचे अक्षांश-रेखांश:
फोटोनं पोटात धरलेलं सगळं काढून ठेवलं.
भिंतीएवढं फळ तळहाताएवढं केलं.
मग रंग मोजायला बसले.
हजारो निघाले. दोनशे छप्पन्न पुरतात.
एकशे अठ्ठावीसही पुरले.
चौसष्टला डोळ्यांमधल्या सावल्या
पायऱ्या-पायऱ्यांनी उतरायला लागल्या,
तशी परत वर आले, शहाण्णववर थांबले.

राहिली कड.
सीताफळाला सरळ कड नसतेच,
ते सगळीकडून थोडं थोडं बाहेर येतं.
आहे किंवा नाही, एवढंच विचारलं कडेला
तर करवतीनं कापल्यासारखी दिसते.
तिथले ठिपके अर्धे असावे लागतात,
एकशे वीसचे, चाळीसचे, नव्वदचे,
फळाचेही आणि मागं जे येईल त्याचेही.
हे ठिपके काही मी उडवले नाहीत.
मी स्वतः बसमध्ये तिकीट कन्नडात मागते
आणि सुट्टे मराठीत मोजते.
फक्त धोतराचा पांढरा त्यांना चिकटला होता
तो एकेकाच्या अंगावरून सोडवला.
याला वेळ लागला. मध्ये वीज गेली,
माग थांबले, आणि एकदम ऐकू आलं
की खालच्या यल्लूबाई कधीपासून
कुणाला तरी हाका मारतायत.

बासष्ट केबी.
कणकुंबीत एका काडीच्या सिग्नलवर
फळ आलं म्हणे, वरून खाली, हळूहळू नाही, एकदम.
बाईंनी दोन मागवली, आणि एक रामफळ आहे का विचारलं.

'हगुर आतेन्री?' बसलिंगप्पा विचारतात.
त्यांच्याकडं हलक्याला हगुर,
आणि सावकाश कर म्हणायचं तर हगूरक.
मी म्हटलं, दोन्ही केलं.
ते हसले, फोन आत दिला.

सावंत्रव्वा बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
'देठापाशी मी पिवळा लावला होता. बोटानं. तो कुठाय?'

शहाण्णवमध्ये तो नव्हता.
सगळ्या फळात मिळून अकरा ठिपक्यांचा रंग,
यंत्रानं शेजारच्या हिरव्यात घालून टाकलेला.
चार एमबीचं जुनं सीताफळ परत उघडलं,
देठापाशी गेले, पिवळा उचलून आणला.

सत्त्याण्णव रंग.
वजन फारसं वाढलं नाही.