सातवं अक्षर

पासष्ट अक्षरांची एक ओळ,
ओळीला पंचेचाळीस पैसे.
बजाजनगरात दुसऱ्या मजल्यावर सोळा वर्षं
हाच भाव, जरा इकडेतिकडे.
या माझ्या ओळी पासष्ट भरत नाहीत,
त्यांचं कुणी काही देणार नाही.

उजवा पाय पेडलवर.
दाबला की डॉक्टर बोलतो, चवडा उचलला की गप्प,
डावीकडे दाबला की दोन शब्द मागे येतो.
रात्री दीडला, कूलरची मोटर घरघरत असताना,
तिकडे ओहायोत दुपार असायची
आणि डॉक्टर हॅलोरन तोंडात घास ठेवून
कुणाच्या तरी पित्ताशयाबद्दल सांगायचे.
त्यांचा खोकला मला पाठ होता.
'पिरियड' म्हणण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा.
फिफ्टी की फिफ्टीन, सहा सहा वेळा मागे जाऊन ऐकलंय;
एक 'न' निसटला असता
तर कुणाचं तरी रक्त नको इतकं पातळ झालं असतं.

एकदा सहा दिवसांच्या बाळाचं सांगता सांगता
ते थांबले.
अकरा सेकंद. खालच्या पट्टीवर आकडा सरकत होता.
मी पाय उचलला नाही.
मौन टाइप करायचं नसतं.
अकरा सेकंदांचे शून्य पैसे.

मग यंत्र आलं. ते न झोपता ऐकतं.
आधी त्याच्या चुका निस्तरायला ठेवलं, अर्ध्या भावात;
चुका कमी झाल्या, तशा खुर्च्याही.
शेवटच्या रात्री लांजेवार मॅडमनी
हेडफोनची वायर नीट गुंडाळली, ड्रॉवरमध्ये ठेवली
आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.
त्यात चोरण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

आता त्रेचाळिसाव्या वर्षी छत्रपती चौकात क्लास.
बेंचवर बी.फार्म झालेली पोरं.
"काकू, तुम्हाले तर सारी हाडं पाठ हायेत बे!"
आहेत. कानानं शिकले, बोटांनी गिरवली.
पण इथे कुणी बोलत नाही.
माणूस कागद होऊनच येतो
आणि आपण त्याला आकडा द्यायचा.
बदकानं धडक दिली, त्याला एक आकडा,
कासवानं दिली, त्याला दुसरा.
पोरं हसत हसत तर्री-पोहे खायला गेली.
मी पुस्तक उलटत बसले.
दोन्ही कानांत सतत आवाज: आहे.
नोकरीत बदल: आहे, झेड छप्पन्न पॉइंट एक.
बोलता बोलता थांबलेला डॉक्टर: नाही.

सर सातवं अक्षर शिकवतात.
ए, म्हणजे जखम ताजी, उपचार चालू.
डी, म्हणजे भरून येतेय.
एस, म्हणजे जखम गेली, मागे काहीतरी ठेवून गेली.
मधल्या जागा रिकाम्या असतील तर एक्स भरा,
रिकामं ठेवलं तर क्लेम परत येतो.
मी वहीत समासाला एक्स काढत राहिले,
ओळभर. पासष्ट भरले असतील.

परवा रहाटे कॉलनीच्या सिग्नलला
ॲक्टिव्हाच्या पत्र्यावर उजवा पाय दाबून बसले होते.
मागून हेमराज, "काऊन थांबून राहिली? हिरवा झाला ना!"
कसं सांगू, दोन शब्द मागे गेले होते.

परीक्षा एकवीस तारखेला. शंभर प्रश्न, चार तास.
काल सरावाच्या चार्टमध्ये एक बाळ आलं,
दुसरंच कुणाचं, दुसऱ्याच गावचं.
आकडा दिला. बरोबर आला.
पुढचं पान उघडण्याआधी पाय जमिनीला टेकवला
आणि मनात मोजत गेले.
सातपर्यंत आले असेन,
शेजारची पोरगी कोपरानं ढोसत म्हणाली,
"काकू, टाइम चालू हाय."