किलोला दीड युरो

किलोला दीड युरो.
माणूस असेल तर शंभर; खिडकी मागितली तरी शंभरच.
पादोवाच्या स्टेशनमागे रविवारी बायका येतात
चिकटपट्टीनं करकचून आवळलेली खोकी घेऊन:
ऑलिव्हचं तेल, कपड्यांचा साबण, म्हाताऱ्यांचे डायपर,
आणि पोराच्या पायाच्या अंदाजानं घेतलेले बूट.
अंदाज नेहमी एक नंबर मागे असतो.

सतराशे किलोमीटर पलीकडे, मोल्दोव्यात,
ओर्हेईच्या अलीकडच्या गावात
पोरगं त्याच बुटांच्या टाचा मोडत माझ्याकडे येतं,
आजीनं बांधून दिलेलं ठेवतं:
अक्रोड, आलुबुखाराचा मुरंबा, मेंढीच्या दुधाचं चीज.
सीमेवरचा शिपाई विचारतो, काय आहे?
मी म्हणतो, खाऊ.
जाताना तेच, येताना तेच.

गावात आता इटालियन फरशीची घरं झालीत.
कुलपंही इटालियन.
शाळेत यंदा अकरा पोरं. गणिताच्या बाई
बोलोन्यात कुणाच्या तरी आजोबांना आंघोळ घालतात.
(मला सातचा पाढा त्यांनीच शिकवला;
अजून खोकी मोजताना चुकतो.)

आणि पादोवात तिसऱ्या मजल्यावर
सिन्योरा ओर्नेल्ला शेवटी शेवटी
पाणी हवं असलं की "आपा" म्हणायची, आमच्या भाषेत.
तिचा मुलगा मेलबर्नला. त्याला फोनवर कळेना
आई काय मागते आहे.
परास्कोविया त्याला इटालियनमध्ये सांगायची:
तुमच्या आईला तहान लागलीय.

मार्चमध्ये ती गेली.
त्या रविवारी परास्कोवियानं काट्यावर ठेवला
मोज्यात गुंडाळलेला चष्मा. सत्तर ग्रॅम.
"मुलानंच दिला. माझ्या आईला दे,
नंबर जुळला तर जुळला."

जुळला.
म्हातारीनं तो नाकावर चढवला, माझा फोन हातात घेतला,
आणि दहा वर्षं धूसर बोलणारी लेक
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, "अगं, तुझे केस."
तिकडून कुणी काही बोललं नाही.

मला पुढची चार गावं करायची होती,
बस दारातच घुरघुरत होती, डिझेल जळत होतं.
फोन परत मागावा कसा, सुचेना.
शेवटी बाहेर जाऊन
गाडी बंद केली.